सुगंधी तेलांची भेट देताना

दिवाळी महिन्यावर आली की आपल्या नाशिकच्या रविवार कारंजा, मेन रोड, दहीपूल या भागांत उटणे, सुवासिक तेले आणि अत्तराच्या कुप्यांची रेलचेल सुरू होते. गेल्या काही वर्षांत या खरेदीत एक नवी भर पडली आहे. लव्हेंडर, गवती चहा, निलगिरी, संत्रे, टी ट्री अशी नावे लिहिलेल्या दहा-दहा मिलीच्या तपकिरी बाटल्या आता सर्रास मिळतात. त्यांना ‘इसेन्शिअल ऑइल’ म्हणतात. अनेक भगिनी घरीच त्यांपासून मेणबत्त्या, साबण, अंगाला लावायचे तेल, कपाटात ठेवायच्या पुरचुंड्या तयार करून आप्तेष्टांना भेट देतात. महिला बचत गटांच्या स्टॉलवरही या वस्तू दिसतात. हा उपक्रम मला मनापासून आवडतो. मधुमेह असलेल्या घरी मिठाईचा आणखी एक पुडा नेण्यापेक्षा सुगंधाची भेट केव्हाही बरी!

मात्र ही तेले हाताळताना जी काळजी घ्यायला हवी, ती घेतली जात नाही, असे दवाखान्यात बसून मला दरवर्षी जाणवते. ‘झाडपाल्याचेच आहे, त्याने काय अपाय होणार?’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. म्हणून आजच्या लेखात या तेलांची थोडी ओळख, वापराचे प्रमाण आणि भेट देताना पाळायचे नियम पाहू.

अर्क म्हणजे काय?

आपण स्वयंपाकाला किंवा डोक्याला लावायला वापरतो ते खोबरेल, तिळाचे, शेंगदाण्याचे तेल बिया दाबून काढलेले असते. ते स्निग्ध असते, उडून जात नाही. सुगंधी अर्क वेगळे. पाने, फुले, साली किंवा मुळे भट्टीवर वाफवून त्या वाफेबरोबर येणारे उडनशील तेल थंड करून गोळा करतात. संत्र्या-लिंबाच्या बाबतीत ते सालीतून दाबून काढतात. वनस्पतीतला सुवासाचा आणि औषधी गुणाचा भाग या तेलात एकवटलेला असतो.

किती एकवटलेला? एक किलो गुलाबाचे तेल मिळवण्यासाठी साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे त्या तेलाच्या थेंबभरात ओंजळी-ओंजळी फुले असतात. गवती चहाच्या दोन पाती घालून केलेला चहा आपण आनंदाने पितो, पण गवती चहाच्या अर्काचा चमचा पिणे ही निराळीच गोष्ट झाली. ‘नैसर्गिक’ हा शब्द दोन्हींना लागू पडतो, प्रमाण मात्र लागू पडत नाही. धोत्राही नैसर्गिकच आहे, हे आपल्याकडे शेतातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

बाटलीत नक्की काय आहे?

सुगंधाचा आणि आपल्या भागाचा संबंध जुना आहे. मोगलांच्या काळात नाशिकचे नाव ‘गुलशनाबाद’ होते. शेजारच्या खानदेशात तर अर्क काढण्याचा मोठा धंदा होता. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांत रोशा गवत भट्टीवर वाफवून त्याचे तेल काढत. हे तेल मुंबई बंदरातून बाहेर जाई आणि त्यातले बरेचसे तुर्कस्तानात पोहोचे. या गवताच्या तेलाला गुलाबासारखा वास असल्याने तिथे ते महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई! खानदेशच्या डोंगरातले गवत परदेशात गुलाब म्हणून विकले जात होते.

ही गंमत सांगण्याचे कारण असे की भेसळ हा या धंद्याचा जुना सोबती आहे. शंभर-दीडशे रुपयांना दहा मिली ‘शुद्ध गुलाबाचे तेल’ मिळत असेल, तर ते शुद्ध गुलाबाचे नसते, हे वरच्या पाकळ्यांच्या हिशेबावरून कोणालाही समजेल. कारखान्यात तयार केलेला कृत्रिम सुवास वाईटच असतो असे नाही. मेणबत्तीला तो चालतो. पण ‘फ्रेग्रन्स ऑइल’ असे लिहिलेली बाटली अंगाला लावायच्या तेलात वापरू नका. खरेदी करताना वनस्पतीचे नाव, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत बाटलीवर आहे ना, ते पाहा. सुटे, बिनलेबलचे तेल घेऊच नका.

अंगाला लावायचे तेल : थेंबांचा हिशेब

अर्क कधीही तसाच अंगाला लावू नये. त्वचेची आग होते, पुरळ उठते, आणि एकदा अ‍ॅलर्जी जडली की पुढे साधा सुवासिक साबणही सोसत नाही. अर्क नेहमी खोबरेल, तिळाचे किंवा बदामाचे तेल अशा स्निग्ध तेलात मिसळावा. एक मिलीत साधारण २० थेंब येतात. म्हणून १०० मिली खोबरेल तेलात २० थेंब अर्क, म्हणजे एक टक्का, हे मोठ्या माणसांच्या अंगाला लावण्यासाठी पुरेसे प्रमाण आहे. चेहऱ्यासाठी याच्या निम्मे, म्हणजे १० थेंब. लवंग आणि दालचिनीचे अर्क त्वचेला फार जहाल असतात. घरगुती तेलात ते घालू नयेत.

नवे तेल वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक दिवस वाट पाहावी. खाज, लाली आली नाही तरच पुढे वापरावे. संत्रे, लिंबू अशा फळांच्या सालीतले तेल लावून लगेच उन्हात जाऊ नये. लिंबाच्या जातीच्या काही सालींच्या तेलाने उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात.

आणखी एक चूक नेहमी होते. अभ्यंगस्नानाच्या बादलीत चार थेंब अर्क टाकतात. अर्क पाण्यात विरघळत नाही. तो वर तरंगतो आणि पहिल्या तांब्याबरोबर तसाच जहाल अंगावर, कधी डोळ्यांत येतो. सुवास हवा असेल तर अभ्यंगाच्या तेलात वरच्या प्रमाणात मिसळा. बादलीत गुलाबपाकळ्या टाका, त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

खोलीतला सुवास आणि मेणबत्त्या

खोलीत सुवास पसरवण्यासाठी विजेवर चालणारी डिफ्यूजरची भांडी मिळतात. त्यांत तीन-चार थेंब पुरतात. अर्धा तास चालवून बंद करावे आणि एक खिडकी उघडी असावी. रात्रभर बंद खोलीत ते चालू ठेवल्याने डोके दुखणे, मळमळणे, घसा खवखवणे असे त्रास होतात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर धूप, उदबत्ती, कापूरदाणी आणि डिफ्यूजर या सर्वांनाच आवर घालावा. फटाक्यांच्या धुराने आधीच त्रासलेल्या फुप्फुसांवर दिवाळीत आणखी भार नको.

हे अर्क लवकर पेट घेतात. जळत्या पणतीत किंवा मेणबत्तीवर वरून थेंब टाकू नका, भडका उडतो. मेणबत्ती करताना मेण गॅसवरून खाली उतरवून थोडे निवल्यावरच अर्क मिसळा. १०० ग्रॅम मेणाला पाच ग्रॅमच्या वर सुवास नको. घरात मांजर असेल तर तिच्यासाठीही ही तेले, विशेषतः टी ट्री तेल, घातक असतात. तिच्या अंगाला ती लावू नयेत.

कापूर, निलगिरी आणि ‘अमृतधारा’

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्या घरांत इसेन्शिअल ऑइल हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून एक जहाल अर्क नांदत आहे. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल समभाग एकत्र केले की त्यांचे आपोआप पाणी होते. हीच आपली अमृतधारा. डोकेदुखीला कपाळावर, सर्दीत रुमालावर थेंबभर टाकायची ही चीज पुष्कळ जणी घरी करून छोट्या बाटल्यांत भरून वाटतात.

हिशेब करून पाहा. अमृतधारेत एक तृतीयांश कापूर असतो. म्हणजे पाच मिलीच्या एका चहाच्या चमच्यात दीड ग्रॅमच्या आसपास कापूर झाला. लहान मुलाच्या पोटात अर्धा ते एक ग्रॅम कापूर गेला तरी जिवाला धोका होऊ शकतो. कापूर मेंदूवर फार झपाट्याने परिणाम करतो. पाच-दहा मिनिटांपासून तास-दोन तासांच्या आत मुलाला झटके येऊ शकतात. कापरावर उतारा असे औषध नाही, झटके थांबवणे आणि श्वास सांभाळणे एवढेच डॉक्टरांच्या हातात असते. अमेरिकेत कापूर घातलेल्या तेलाची बाटली एरंडेल समजून मुलांना पाजल्याच्या घटना घडल्या. अखेर १९८२ साली तिथे त्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली आणि इतर मलमांत कापराचे प्रमाण ११ टक्क्यांच्या वर नसावे, असा नियम झाला. आपल्या अमृतधारेत ते ३३ टक्के असते.

माझ्या दवाखान्यातले एक उदाहरण सांगते. दोन वर्षांच्या एका मुलीला दिवाळीनंतर खोकला झाला होता. पाहुण्यांनी प्रेमाने दिलेली अमृतधारा घरात होती, ती भरलेली होती खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत. बाटलीवर जुने लेबल तसेच होते. संध्याकाळी दिवे गेलेले, आजीच्या डोळ्यांवर चष्मा नाही. आजीने त्याच बाटलीतून अर्धा चमचा नातीला पाजला. मुलगी किंचाळली, तोंड भाजल्यासारखे करू लागली, आणि वीस मिनिटांत तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. दवाखान्यात आणली तेव्हा झटका चालूच होता. तो औषधाने थांबवून तिला लगेच अतिदक्षता विभागात हलवले. दोन दिवसांनी मुलगी शुद्धीवर येऊन आईला ओळखू लागली. “डॉक्टरबाई, माझ्याच हातानं दिलं हो मी,” असे म्हणत ती आजी कितीतरी दिवस जेवत नव्हती. त्या माउलीचा यात काय दोष? बाटलीवर खोकल्याचे औषध असेच लिहिलेले होते.

निलगिरीचे तेलही असेच. मुलांच्या पोटात दोन-तीन मिली गेले तरी गुंगी येते, पाच मिलीने बेशुद्धी आणि झटके येऊ शकतात. मोठी माणसेही यातून सुटत नाहीत. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. थॉमस मॅथ्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील रुग्णालयांत केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. निलगिरी आणि कापूर असलेल्या वस्तूंच्या वापरानंतर झटके आलेल्या पन्नासहून अधिक प्रौढ रुग्णांची नोंद त्यात आहे. म्हणून फिट्स येणाऱ्या व्यक्तीने ही दोन तेले हुंगणे, लावणे टाळावे आणि आपण कोणता बाम वापरतो, ते डॉक्टरांना सांगावे.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा निरोप घरोघर फिरत होता. त्याने ऑक्सिजन वाढत नाही. नाकाला गार वाटते म्हणून श्वास मोकळा झाल्याचा भास होतो, इतकेच. ती सवय काही घरांत अजून राहिली आहे आणि तान्ह्या बाळाच्या गळ्यात, पाळण्यात अशी पुरचुंडी बांधतात. ती आजच काढून टाका. दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाला, छातीला कापूर, पुदिना किंवा निलगिरीचे तेल वा बाम चोळू नका. त्या तीव्र वासाने बाळाचा श्वास अडखळू शकतो.

गुडघेदुखीवर चोळण्याचे गंधपुरा तेलही याच यादीतले. त्याच्या एका चहाच्या चमच्यात जवळजवळ सात ग्रॅम अ‍ॅस्पिरिनइतका, म्हणजे मोठ्या माणसाच्या वीसहून अधिक गोळ्यांइतका औषधी अंश असतो. त्याचा चांगला वास येतो म्हणून मुले ते तोंडाला लावतात. रक्त पातळ ठेवण्याची वॉरफरिनसारखी गोळी चालू असलेल्या आजी-आजोबांनी ते चोळण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण त्वचेतून शोषले जाऊनही ते रक्तस्राव वाढवू शकते.

अपघात झालाच तर

मुलाने तेल प्यायल्याचा संशय आला तरी वाट पाहू नका. पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

१. उलटी करवू नका. मीठपाणी पाजणे, घशात बोट घालणे टाळा. उलटी होताना तेल श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसे सुजतात.

२. दूध, तूप, एरंडेल काहीही पाजू नका. तोंड ओल्या फडक्याने आतून पुसून घ्या.

३. मूल गुंगीत असेल किंवा झटका येत असेल तर एका कुशीवर झोपवा. तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालू नका, हुंगवू नका.

४. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. बाटली बरोबर न्या. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून विषबाधेविषयी माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र आहे. बाटलीत काय होते हे कळले, तर तुमच्या डॉक्टरांना तिथून सल्ला घेता येतो.

५. डोळ्यात थेंब गेला तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि मग डॉक्टरांना दाखवा. त्वचेवर सांडले तर आधी खोबरेल तेलाने पुसा, नंतर साबण-पाण्याने धुवा.

भेट देणाऱ्याने पाळायचे नियम

आपल्या घरात आपण काळजी घेऊ शकतो. भेटवस्तू मात्र दुसऱ्याच्या घरी जाते. तिथे रांगते बाळ आहे की नाही, कोणाला दमा आहे, कोणाला फिट्स येतात, कोणाला दिवस गेले आहेत, हे आपल्याला ठाऊक नसते. बाटली सुंदर असली, रिबीन बांधलेली असली की ती शोभेसाठी खालच्या कप्प्यात ठेवली जाते आणि तिथेच मुलांचा हात पोहोचतो. म्हणून भेटीबरोबर चिठ्ठी हवीच. वस्तूचे नाव, त्यात घातलेले प्रत्येक तेल आणि त्याचे प्रमाण, केल्याची तारीख, आणि ठळक अक्षरांत तीन वाक्ये : ‘फक्त बाहेरून वापरण्यासाठी, पोटात घेऊ नये.’ ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.’ ‘सहा वर्षांखालील मुले आणि गर्भवती यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.’ हे मराठीत, वडीलधाऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल इतके मोठे लिहा.

औषधाची, सरबताची किंवा पाण्याची रिकामी बाटली कधीही वापरू नका. गडद काचेची, थेंब-थेंब सोडणारे बूच असलेली नवी छोटी बाटली घ्या. अंगाला लावायचे तेल भेट द्यायचे असेल तर ते प्रमाणात मिसळूनच द्या, शुद्ध अर्काची बाटली भेट देऊ नका. अमृतधारा तर कोणालाच भेट देऊ नका. बचत गटांच्या भगिनींनाही माझी हीच विनंती आहे. घरी तेले कुलूपबंद कपाटात, औषधांबरोबर, गारव्यात ठेवा. देवघरातला कापराचा डबाही वरच्या फळीवर असू द्या, कारण पांढऱ्या वड्या मुलांना खडीसाखरेसारख्या दिसतात. संत्रे-लिंबाची तेले उघडल्यावर वर्षभरात संपवा. जुनी झाली की ती त्वचेला जास्त झोंबतात.

बिनधोक सुगंध

आणि अर्काशिवाय सुवास नसतोच असे थोडेच आहे? वाळ्याची जुडी कपाटात ठेवली तर कपड्यांना महिनोन् महिने मंद वास राहतो. वाळा, नागरमोथा, गव्हला कचोरा आणि सुकवलेल्या गुलाबपाकळ्या यांची जाडसर भरड सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून दिली तर सुरेख भेट होते. आंबेहळद, चंदन, वाळा, सुकवलेली संत्र्याची साल आणि मसुराचे पीठ घालून केलेले उटणे आपल्या आजीच्या काळापासून चालत आले आहे. त्यातही चिठ्ठी घालायला विसरू नका, कारण काहींना एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी असते. काष्ठौषधींच्या दुकानात हे सारे सुटे मिळते, ते ओलसर किंवा बुरशी आलेले नाही एवढे पाहून घ्यावे.

सुगंधी तेले वापरू नका असे मला मुळीच म्हणायचे नाही. मोजून वापरा, मिसळून वापरा आणि औषधासारखी जपून ठेवा, एवढेच सांगणे आहे. या आठवड्यात घरातली प्रत्येक बिनलेबलची बाटली एकदा शोधून काढा. आत काय आहे हे घरात कोणालाच खात्रीने सांगता येत नसेल, तर ती बाटली घराबाहेर काढलेलीच बरी. आपणा सर्वांना दिवाळी सुखाची आणि निरोगी जावो.